गौर लंगडत आली

१

चामटोलीच्या भगवान भोपीच्या घरी गौर आली आणि त्याच दुपारी गौरीची नथ गेली.

ही बातमी दुसऱ्या दिवशी सकाळी अंबरनाथच्या घरसेवा केंद्रात पोचली, तेव्हा वेणूताई राऊत चहात खारी बुडवत होत्या. ऐकता ऐकता हात कपावरच थबकला आणि खारी तुटून तळाला गेली. वेणूताई तशा सुखी बाई. इस्पितळात जन्मभर परिचारिका म्हणून राबून झालं होतं, लेक सासरी आनंदात होती, गुडघे अजून कुरकुरत नव्हते. पण सकाळची खारी वाया गेली की त्यांचं डोकं फिरायचं.

"कोणी घेतली म्हणतोस?" त्यांनी विचारलं.

भगवान दारातच उभा होता. कंपनीत पाळीला जाता जाता तो आला होता. "उमाबाईंनी," तो खाली बघत म्हणाला. "मला बोलायलापण कसंतरी होतंय, ताई. पोलिसात नाय जायचं आम्हाला. सासूकडून सुनेकडे आलेली नथ आहे, चार पिढ्यांची. आज संध्याकाळी गावच्या बायका गौर बघायला येणार. त्याच्या आत मिळाली म्हणजे झालं."

उमा साळवे ही केंद्राची सेविका. हे केंद्र सरकारच्या अनुदानावर चालायचं. अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं, अपंग माणसं यांच्या घरी रोज सेविका जायची, अंघोळ घालायची, औषध द्यायची, आखडलेले हातपाय हलवून घ्यायची. अंबरनाथपासून बदलापूरपर्यंतची घरं होती आणि त्या सगळ्या सेविकांवर देखरेख वेणूताईंची होती. भगवानची आई द्रौपदी हिला वर्षापूर्वी लकवा मारून डावी बाजू गेली, तेव्हापासून उमा चामटोलीला जात होती.

आतल्या खोलीतून केंद्राचे सचिव हेमचंद्र कर्णिक बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं आणि त्यांचा चेहरा आधीच पडलेला होता. भगवान पाळीला गेल्यावर त्यांनी दार लोटलं.

"वेणूताई, सोमवारी जिल्ह्याहून साहेब तपासणीला येतायत," ते म्हणाले. "आल्या आल्या विचारणार, इतक्या वर्षांत तुमच्या सेवेने एक तरी माणूस उठून उभं राहिलं का? आपल्याकडे दाखवायला कोणी नाही. अनुदान बंद करायला त्यांना निमित्तच हवंय. त्यात सेविका चोर निघाली म्हटल्यावर केंद्राला कुलूप. उमाला आजच काढून टाका."

"आणि तिने घेतली नसेल तर?"

"घेतली नसेल तर नथ कुठे आहे, ते सांगा मला."

प्रश्न बिनतोड होता. वेणूताईंनी कप तसाच ठेवला आणि पिशवी खांद्याला लावली. "संध्याकाळपर्यंत थांबा," त्या म्हणाल्या. "तोवर तिला काढलंत, तर सोमवारी साहेबांना चहा तुम्हीच करून द्या. मी नसेन."

२

उमाचं घर बुद्धविहारामागच्या चाळीत होतं. ती दारातच बसली होती. समोर धुणं पडलेलं, बादलीत पाणी गार झालेलं, आणि बाई नुसती पाण्याकडे बघत बसलेली. एरवी ही उमा सेविकांमध्ये सगळ्यात तोंडाळ. 

"काल काय काय केलंस ते सांग," वेणूताई उंबऱ्यावर टेकत म्हणाल्या. "माझ्याकडे बघून सांग."

"रोजचंच, ताई. गेले तेव्हा अंजना निघायच्या घाईत होती. गावातल्या बायकांबरोबर नदीवर तेरडा आणायला जायचं होतं तिला. त्यांची गौर तेरड्याची असते ना. भगवानभाऊ पाळीला गेलेले. मी आजींना अंघोळ घातली, हात-पाय करून घेतले, पेज भरवली. जेवून आजींना डुलकी लागली. मी दार ओढून बाहेरून कडी घातली आणि निघाले. रात्री भगवानभाऊ इथं दारात आले. शेजारपाजारच्या देखत काही बोलले नाहीत, बाजूला घेऊन म्हणाले, उद्यापासून येऊ नका. का, तर म्हणे नथ." तिने बादली बाजूला सारली. "माझ्या पोरी शाळेत जातात या रस्त्याने. उद्या कोणी त्यांना चोराची पोर म्हटलं तर मी काय करू?"

"अंजना म्हणते, तू गौरीची पावलं काढलीस. त्यासाठी तांदळाचं पीठ काढलंस, पिठाच्या डब्यात नथ लपवलेली होती, ती दिसली आणि तुला मोह झाला. भगवान हेच सांगून गेला."

उमाने डोळे पुसले आणि मान वर केली. आता तिला खरा राग आला होता.

"मी पावलं काढली? गौरीची? ताई, माझ्या बापाने छप्पन साली नागपूरला जाऊन शपथ घेतली, गौरी-गणपतीला देव मानणार नाही म्हणून. ती शपथ रोज ऐकत मी मोठी झाले. मी त्यांच्या सणाला नावं ठेवत नाही, त्यांच्या घरचा प्रसाद जेवण म्हणून खाते. पण पावलं मी काढीन का? मी निघाले तेव्हा घरात एक पाऊल नव्हतं. मला वाटलं, अंजना येऊन काढेल."

वेणूताईंनी मान डोलावली. बाई खोटं बोलेल, पण असलं खोटं बोलायला वेगळी बाई लागते, आणि उमा ती नव्हे. मग त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "आजी कशी आहे? काही सुधारणा?"

"मधे छान चाललं होतं. माझ्या खांद्याला धरून उभी राहायची. आता उभी कर म्हटलं की पाय लुळा सोडते आणि म्हणते, नय गो, गेला पाय." उमा जरा थांबली. "आमचं दोघींचं फार जमतं, ताई. सुरुवातीला माझ्या हातचं पाणी घेत नव्हती. आता सुनेने दिलं तर म्हणते, ठेव, उमा देल. मागे मी गमतीत म्हटलं, आजी, तू चालायला लागलीस की केंद्राच्या यादीतून तुझं नाव कटेल, मला दुसरं घर बघावं लागेल. एवढी हसरी बाई, पण त्यावर हसली नाही."

३

चामटोलीला एसटीतून उतरल्यावर वेणूताईंनी आधी घराला बाहेरून एक चक्कर मारली. घर साधं, कौलारू, पुढे सारवलेलं अंगण, मागे दार नाही. समोरच्या ओट्यावर शेजारीण चिमी बिरड्याचे वाल सोलत बसली होती. केस पांढरे झालेले, पण डोळे असे की अर्ध्या गावाची खबर तिथंच जमा व्हावी.

"काल दुपारी इथंच होतात का, मावशी?"

"इथं नय तं कुठं? काल पन वालच सोलीत व्हती."

"उमाबाई गेल्यावर घरात कोण गेलं?"

"कोन नय. ती कडी घालून गेली, मंग अंजना गौर घेऊन आली आन् तिनं कडी काढली. मधी माशी पन नय शिरली."

वेणूताईंनी अंगण ओलांडलं. अंगणात फक्त शेण-मातीचा सारवा होता, त्यावर पिठाचा एक ठिपकासुद्धा नव्हता. गौरीची पावलं मात्र उंबऱ्याच्या आतून सुरू झाली होती. कालपासून लोकांच्या पायांनी ती पुसट झाली होती, तरी ओळखू येत होती. मूठ पिठाच्या पाण्यात बुडवायची, करंगळीच्या बाजूने जमिनीवर टेकवायची आणि वर बोटांनी पाच ठिपके द्यायचे, झालं पाऊल. पावलं दारातून निघून भिंतीच्या कडेकडेने, आजीच्या खाटेजवळून वळून कोपऱ्यातल्या गौरीपाशी पोचली होती. गौर हिरवीगार, जरीचं लुगडं नेसून, हळदकुंकू लावून बसलेली. तेवढं नाक रिकामं होतं.

वेणूताई दारात उभ्या राहून पावलांकडे बघत राहिल्या. काहीतरी खुपत होतं आणि काय ते कळत नव्हतं.

अंजना पदराला हात पुशीत पुढे आली. तिशीची, चटपटीत बाई. डोळे मात्र रात्रभर न मिटलेले. सासूच्या खाटेकडे बघून तिने आवाज खाली आणला. "ताई, हळू बोला. उमाचं आईला काही सांगितलं नाही. सकाळपासून ती उमा कवा येल, उमा कवा येल करतेय. सांगितलं, सणाची रजा घेतलीय. खरं कळलं तर आईचा जीव जाईल."

"काल काय झालं?"

"आम्ही थाळी वाजवत गौर घेऊन आलो. दारात विचारतात ना, गौर कशाच्या पावलांनी आली, तेव्हा उत्तर देता देता माझं लक्ष आत गेलं. बघते तर पावलं काढलेली. मला वाटलं, आपल्याला उशीर झाला म्हणून उमाने काढली. ती आमच्यातली नाही, तरी काढली, म्हणून मला भरून आलं, ताई, खरंच सांगते. मग नथ काढायला पिठाचा डबा उघडला, तर नथ नाही. पीठ उकरलेलं."  "आणि विचारलं तर म्हणते, मी पावलं काढलीच नाहीत. खोटं कशाला बोलली ती? नथ घेतली नसती तर पावलं कबूल करायला काय हरकत होती?"

वेणूताईंना मनातल्या मनात दाद द्यावीशी वाटली. पोरीचा तर्क सरळ होता. त्यात एकच चूक होती, आणि ती चूक तिच्या चांगुलपणाने केली होती.

"नथ पिठात कशाला ठेवलीस?"

अंजनाने दाराकडे पाहिलं. ओटीवर एक तरुण चहा पीत बसला होता, निळी जीन्स घालून. "त्याच्यामुळे," ती पुटपुटली.

४

तो भगवानचा धाकटा भाऊ मधू. उल्हासनगरात एका सिंधी शेठच्या कारखान्यात जीन्स शिवायचा आणि तिथंच राहायचा. मागे एकदा त्याने वहिनीचे पैंजण न विचारता गहाण टाकले होते. तेव्हापासून तो घरी येणार कळलं की अंजना दागिने इकडचे तिकडे करायची. तो सणाला येणार म्हणून नथ पेटीतून पिठाच्या डब्यात गेली होती.

"ताई, मी समजलो तुम्ही काय विचारणार," मधू वेणूताई बसायच्या आधीच बोलला. "घरात काय गायब झालं की पहिला नंबर आपला. पण काल संध्याकाळी दिवे लागल्यावर आलो मी. तोपर्यंत इथं रडारड चालू होती. सीझन आहे, शेठ दुपारी पाणी प्यायला पण सोडत नाही. जाऊन विचारा, 'साईं, मधू किधर था?'"

"कशावर आलास?"

"शेठच्या लुनावर. ती बघा उभी." त्याने चहाचा घोट घेतला आणि जरा ओशाळला. "पैंजण सोडवून दिले मी, ताई. ते कोणी सांगत नाही. आणि मला सांगा, पिठात नथ असेल हे मला सपन्यात येणार का? मी आयुष्यात कधी पिठाचा डबा उघडलाय?"

वेणूताई हसल्या. पोराने नकळत गाठ सोडवून दिली होती. नथ शोधणारा माणूस पेटी उघडतो, कपाट उघडतो, उशीखाली हात घालतो. पिठाचा डबा उघडतो तो पीठ हवं असलेला माणूस. तेव्हा चोर शोधायचाच नव्हता. शोधायची होती पावलं काढणारी बाई.

उमाने काढली नाहीत. अंजनाने काढली नाहीत. चिमी म्हणते, घरात कोणी शिरलं नाही.

वेणूताई पुन्हा दारात गेल्या. या वेळी त्यांनी चष्मा पदराने स्वच्छ पुसला आणि चक्क उंबऱ्याशी बसकण मारली. आपली उजवी मूठ एका पावलाशेजारी टेकवून पाहिली. उजव्या मुठीचं पाऊल उजवं उठतं, डाव्या मुठीचं डावं. बायका एकदा ही मूठ, एकदा ती मूठ अशा टेकवत जातात, म्हणून गौर चालत आल्यासारखी दिसते. पुढचं पाऊल पाहिलं. त्याच्या पुढचं पाहिलं. अंगठ्याचा ठिपका प्रत्येक वेळी त्याच बाजूला होता.

भोपींच्या घरची गौर दारापासून कोपऱ्यापर्यंत एकट्या उजव्या पायावर आली होती.

मग अंगणात पावलं का नव्हती, हेही कळलं. कडी बाहेरून होती. आणि ती भिंतीला चिकटून का गेली, तेही कळलं.

"अंजना," वेणूताईंनी हाक मारली, "काल उमा गेल्यापासून आईच्या डाव्या हाताचा व्यायाम कोणी केला?"

"कोणी नाही. मी अंग पुसलं सकाळी. पण ती मूठ मला उघडत नाही हो. जरा ओढली की अजून घट्ट होते. उमालाच जमतं ते."

"बरोबर आहे," वेणूताई म्हणाल्या आणि आत गेल्या.

५

द्रौपदीबाई खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. काळासावळा, रापलेला चेहरा, कपाळावर गोंदण. एके काळी ही बाई डोक्यावर मिठाची पाटी घेऊन खाडीपासून चालत यायची, असं गावात सांगत. उजवा हात छातीवर होता. डाव्या हाताची मूठ पदराखाली झाकलेली होती.

खाटेजवळच्या स्टुलावर तिचा स्टीलचा पेला होता. वेणूताईंनी तो उचलला. आत काठाकाठाने पांढरं काहीतरी वाळून चिकटलं होतं. पेज असावी असंच कोणालाही वाटलं असतं. पेज नखाने सालीसारखी निघते. हे नुसतं भुरभुरलं.

"उमा आली?" म्हातारीने न वळता विचारलं. लकव्याने जीभ जरा जड झाली होती, पण शब्द कळायचे.

"नाही. मी वेणू, केंद्रातून."

"मना उमा पायजे."

वेणूताईंनी चादर सारखी करण्याच्या निमित्ताने तिच्या टाचा पाहिल्या. वर्षभर अंथरुणावर असलेल्या माणसाच्या टाचा लहान मुलासारख्या मऊ होतात. या टाचा कडक होत्या, आणि त्यांच्या भेगांत सारवणाची माती होती.

त्या खाटेच्या कडेवर बसल्या आणि म्हातारीच्या कानाशी वाकल्या.

"आजी, काल पावलं फार सुरेख निघाली. पण गौर बिचारी लंगडत आली हो."

 द्रौपदीबाईने डोळे घट्ट मिटले. पदराखालची मूठ पांढरी पडेपर्यंत आवळली गेली.

"आता कोणाला सांगू मी?" वेणूताईंनी विचारलं.

"कोनाला नको सांगू," म्हातारी म्हणाली. "उमाला बोलाव."

"उमाला नथ चोरली म्हणून घरी बसवलंय, आजी."

म्हातारीने मान एकदम वळवली. तिचे डोळे विस्फारले होते. तिला हे खरोखरच माहीत नव्हतं, हे बघून वेणूताईंचा जीव भांड्यात पडला. इतका वेळ त्यांना तीच एक भीती होती.

"कोनी बसवली?" द्रौपदीबाई कोपरावर उठत म्हणाली. "बोलाव सगल्यांना."

६

मधूने लुना काढली आणि अंबरनाथहून उमाला मागे बसवून आणली. पैंजणाच्या दिवसांपासून घरात कोणी त्याच्यावर काम सोपवलं नव्हतं, त्यामुळे तो वाऱ्यासारखा गेला आणि आला. तोवर भगवानही पाळीवरून परतला होता. चिमी वालाची परडी घेऊनच दारात येऊन बसली. तिला कोणी बोलावलं नव्हतं, पण तिला उठवण्याची हिंमतही कोणात नव्हती.

उमा दाराबाहेर थबकली. "मला आत बोलावलंय का?" तिने भगवानला विचारलं. भगवान दारातून बाजूला झाला.

"उमा," वेणूताई म्हणाल्या, "आजचा व्यायाम राहिलाय आजीचा. गरम पाणी घे आणि डावा हात कर. मी तोवर बोलते."

उमा गोंधळली, पण हाताला सवय होती. तिने तपेलीत कोमट पाणी घेतलं आणि खाटेशी बसली.

"नथ चोरीला गेलेली नाही," वेणूताईंनी सुरुवात केली. "ती पावलं काढणाऱ्या बाईला सापडली. अंजना, तुझा तर्क इथपर्यंत बरोबर होता. चुकलं ते त्या बाईच्या नावात. उमा जन्मात गौरीची पावलं काढायची नाही, आणि का नाही, हे तुला तिने सांगितलं असतं, तू विचारलं असतंस तर. तुला वाटलं उमाने काढली, उमाला वाटलं तू काढशील. पावलं काढणारीने नेमका हाच हिशेब केला होता, की दोघी एकमेकींवर ढकलतील आणि कोणी विचारणार नाही. कडी बाहेरून लागलेली होती, म्हणून पावलं अंगणातून निघाली नाहीत. म्हणजे बाई घरातच होती. ती भिंतीला धरून चालते, म्हणून पावलंही भिंतीने गेली. तिने पीठ कालवलं ते स्वतःच्या पेल्यात. आणि तिची एकच मूठ चालते, म्हणून सगळी पावलं उजव्या पायाची आहेत. बघा जाऊन."

चिमी आधीच वाकून बघत होती. "आगं बाय," ती म्हणाली. "एकाच पायाची हाय खरी."

भगवानने आईकडे पाहिलं. "आई, तू चालतेस?"

 उमाने आजीची मूठ कोमट पाण्यात धरली होती. तिने बोटं ओढली नाहीत. मनगट हलकेच खाली वाकवलं, अंगठा बाजूला घेतला आणि तळहाताच्या कडेने अंगठ्याने चोळत राहिली, रोज चोळायची तशीच. मूठ हळूहळू सैल झाली. एकेक बोट उघडलं. तळहातावर लाल वळ उमटले होते, आणि त्या वळांच्या मधोमध मोत्यांची नथ होती.

 अंजनाने पुढे वाकून नथ ओळखली.

"पीठ घेतला तं नथ हाताला लागली," म्हातारी सावकाश सांगू लागली. "पावला काढाया उजवा हात पायजे, म्हनून डाव्या मुठीन खोवली. मंग थाली वाजली. घाबरली मी, भिंतीला धरून कशीबशी खाटेवं आली. मूठ अशी आवलली का मनाच उघडंना. बोलली, जाव दे, सकाली उमा येल, मूठ उघडल, गुपचूप डब्यान ठेवल. उमा कोनाला सांगनार नय." तिने उमाकडे बघितलं. "तुना चोर बोलतील असा नय वाटला गो मना."

"पण चालता येतं हे लपवलंस कशाला?" भगवानने विचारलं.

"चाल्ली का नाव कटतं. मंग उमा दुसऱ्या घरान जाते." म्हातारी गौरीकडे बघत बोलली. "तुमी सगली कामावं. दिसभर मी आन् ही भिंत. उमा येते तवा घरान कोनतरी बोलतं. मना पाय नको व्हता, उमा पायजे व्हती. पन काल दारान पावला नय दिसली तं रावला नय. इतकी वर्सं मीच काढलीत. पावला नय काढली तं गौर येल कशी?"

 मधूने तोंड फिरवून नाक पुसलं. अंजना उमासमोर येऊन उभी राहिली आणि दोन्ही हात पुढे केले. "तू दे माझ्या हातात नथ," ती म्हणाली. "तुझ्या हातून मिळाली असं मी संध्याकाळी सगळ्या बायकांना सांगणार. आणि मी तुला चोर म्हणाले तेही सांगणार. मला माफ कर म्हणायची लाज वाटते, उमा."

उमाने नथ पुसली आणि तिच्या ओंजळीत ठेवली. "लाज वाटते तेवढं पुरे," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आलं, सकाळपासून अडवून धरलेलं.

वेणूताईंनी दोघींना रडू दिलं. मग त्या द्रौपदीबाईच्या खाटेवर बसल्या. "आता माझं ऐका, आजी. सोमवारी मोठे साहेब येतायत. ते विचारणार, तुमच्या सेवेने एक तरी माणूस उठलं का. नाही म्हटलं तर केंद्र बंद. मग उमा तुमच्याकडेही येणार नाही आणि दुसऱ्या कोणाकडेही नाही. तुम्ही पाय लपवून जिला धरून ठेवत होतात ना, तिचंच काम तुम्ही बुडवत होतात."

 म्हातारीच्या तोंडाचा उजवा कोपरा आधी हलला, मग ती हसली, अर्ध्याच तोंडाने, पण पोटभर.

"सोमवारी ना?" ती म्हणाली. "येऊ दे तुझ्या सायबाला. अंगनापरत चालून दावते."

"आणि नाव कटलं तर?" उमाने डोळे पुसत विचारलं.

"तं तू पावनी म्हनून ये. पावन्याचा नाव कोन कापतो?"

"हात अजून वर्षभर तरी करायला लागेल," वेणूताई म्हणाल्या. "पाय चालला म्हणून हाताचं नाव कटत नाही. एवढं मी साहेबांकडून करून घेईन."

दिवे लागायची वेळ होत आली होती. अंजनाने गौरीला नथ घातली. उमा पिशवी घेऊन निघायच्या बेतात होती, तेवढ्यात म्हातारीने तिचा पदर धरला.

"उमा, गौर लंगडी नको जाव दे. डावा पाऊल काढाचा हाय."

"आजी, पावलं मी काढणार नाही. तुला माहीत आहे."

"तू कशाला काढशील? मी काढते. तू निस्ता हात धर."

उमाने वेणूताईंकडे बघितलं. वेणूताई मुद्दाम कौलांकडे बघत होत्या.  "व्यायाम म्हणून धरते," उमा शेवटी म्हणाली.

द्रौपदीबाई उठली. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला उमाचा खांदा, अशी ती सगळ्यांच्या देखत दारापर्यंत आली, आणि भगवान लहान मुलासारखा तिच्या मागे मागे सरकत होता. उंबऱ्याशी ती बसली. उमाने मनगट धरलं. म्हातारीने आपली डावी मूठ अंजनाने कालवून दिलेल्या पिठात बुडवली, अंगातला सगळा जोर आणून जमिनीवर टेकवली आणि उजव्या हाताने वर पाच ठिपके दिले. पाऊल वाकडं उठलं, थोडं फरकटलं, पण ते डावं होतं.

मग ती पुढे सरकली आणि दुसरं काढलं. संध्याकाळच्या बायका अंगणात जमू लागल्या तरी ती काढतच होती. कोणी तिला ओलांडून आत गेलं नाही. आवाहन कालच झालं होतं, पण चिमीने परडी खाली ठेवली आणि दारातून पुन्हा विचारलं, "गौर आली, कशाच्या पावलांनी आली?"

अंजनाने सासूकडे बघितलं, उमाकडे बघितलं.

"दोन्ही पावलांनी," ती म्हणाली.